'पासून'चा घोटाळा



व्याकरणावर व्याख्यान म्हटले की मंडळी चपला शोधू लागतात. म्हणून आम्ही एका अर्जापासून सुरुवात करतो. रावेरकडचा एक तरुण जळगावात आमच्याकडे नोकरीचा अर्ज तपासायला घेऊन आला. 'मी पाच वर्षांपासून हिशेब ठेवतो आहे' हे त्याने इंग्रजीत 'आय ॲम कीपिंग अकाउंट्स सिन्स फाइव्ह इयर्स' असे लिहिले होते. याच वाक्यावरून एका कचेरीत त्याचे हसे झाले होते. "सर, आपल्याला इंग्रजी जमायचं नाही," तो म्हणाला.

हे अज्ञान नव्हे. पोरगा मराठीशी इमान राखून होता. आपल्याकडे 'ठेवतो आहे'ला 'पासून' जोडले की मागची पाच वर्षे आपोआप आत येतात. इंग्रजीत तसे होत नाही. 'ॲम कीपिंग' हे आत्तापुरते. मागचा काळ क्रियापदातच घ्यावा लागतो: आधी 'हॅव', मग 'बीन', मग 'इंग' लावलेले क्रियापद. कर्ता तो, ती किंवा ते असेल तर 'हॅव'चे 'हॅज'. याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. नाव जड आहे, घडण सोपी.

आणि ही गोष्ट आपल्याला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे जुनी कागदपत्रे जतन करीत आले आहे. 'करीत'मध्ये चालू काम आहे, 'आले आहे'मध्ये मागून इथवरची वाटचाल. 'हॅज बीन प्रिझर्व्हिंग' म्हणजे दुसरे काय? बोलताना आपण हे रूप क्वचित वापरतो, एवढेच.

खरी ठेच लागते ती 'पासून'ला. 'सकाळपासून पाऊस पडतो आहे' यात आरंभ सांगितला; तेथे 'सिन्स'. 'पाच वर्षांपासून' यात काळाची लांबी सांगितली, तेथे 'फॉर'. आपला एक शब्द दोन्ही कामे करतो, म्हणून चूक होते. 'ओळखणे', 'माहीत असणे' अशा क्रियापदांना मात्र 'इंग' सहसा लावीत नाहीत. तेथे 'हॅव नोन' एवढेच.

तरुणाने ओळ खोडून 'आय हॅव बीन कीपिंग अकाउंट्स फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहिले. मग न सांगता खाली आणखी एक वाक्य लिहून कागद आमच्यापुढे सरकवला: 'माय फादर हॅज बीन ग्रोइंग बनानाज फॉर थर्टी इयर्स'. 'हॅज' त्याने स्वतःच घातले होते.