नाणेघाट आणि न आलेली आगगाडी

जेथें खाण तेथें आगगाडी, हा जगाचा अनुभव आहे. महाराष्ट्रांत वरोऱ्यास दगडी कोळसा सांपडला आणि वर्ध्याहून तेथवर लोहमार्ग गेला. ती खाण इ. स. १९०६ मध्यें बंद पडली. मार्ग मात्र राहिला आणि मद्रासकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाचा भाग झाला.

मग जुन्नरास आगगाडी कां आली नाहीं? येथेंही रुपें होतें. पण तें खाणीचें नव्हे, व्यापाराचें. कल्याण व सोपारा या बंदरांतील माल बैलांच्या पाठीवर नाणेघाट चढून जुन्नरास येई. घाटांतील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे; त्यांत यज्ञाच्या दक्षिणेंत हजारों कार्षापण दिल्याची नोंद आहे. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचाही लेख जुन्नरच्या लेण्यांत आहे. त्याच नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांचा सांठा १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें सांपडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला होता. राज्यें बदललीं, पण रुप्याची वाट तीच राहिली.

रुळांचें गणित निराळें. बैल दगडी पायऱ्या चढतो. इंजिनास तो चढ मानवत नाहीं. बोरघाटांत ३७ फुटांस १ फूट इतका चढ ठेवूनही गाडीची दिशा उलटविण्यासाठीं वाटेंत स्वतंत्र स्थानक बांधावें लागलें. बोरघाट २१ एप्रिल १८६३ रोजीं आणि थळघाट १ जानेवारी १८६५ रोजीं गाड्यांस खुला झाला. या दोहोंच्या मध्यें नाणेघाट राहिला. मुंबईचा माल त्याच्या दोन्ही बाजूंनीं निघून गेला.

आज मंचरचा बटाटा व नारायणगांवचा टोमॅटो मोटारींतून बाजारास जातो. पुणें–नाशिक लोहमार्गाच्या आखणींत या दोन्ही गांवांचीं नांवें आलीं, तेव्हां जुन्नर–आंबेगांवकरांस आशा वाटली. परंतु खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे; तिच्या कामास व्यत्यय येईल म्हणून रेल्वेखात्यानें ती आखणी नाकारली.

दुर्बीण हें देशाचें भूषण आहे, तिला धक्का लागूं नये. पण तिच्यासाठीं शेतकऱ्यानें आपली वाट सोडावयाची असेल, तर त्याच्या मालास दुसरी वाट देणें हेंही देशाचेंच कर्तव्य होय. बाजूस पडलेल्या घाटाचें काय होतें, हें नाणेघाटानें एकदां पाहिलें आहे.