गेट दीडला बंद होतं

 

आम्ही माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बचत गटातल्या बाया. आज आम्ही बोलणार आहोत ते परीक्षेच्या दिवसाबद्दल. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी मुलं 'नीट' देतात, तिच्याबद्दल. अभ्यास कसा करावा हे आम्ही सांगणार नाही, ते आम्हाला येत नाही. आमच्यातल्या बऱ्याचजणींची शाळा सातवी-आठवीला सुटली. पण परीक्षेच्या दिवशी मुलीला गेटपर्यंत वेळेत कसं पोहोचवायचं, हे आता आम्हाला येतं. आधी येत नव्हतं, आणि त्यापायी आमच्या एका लेकीचं वर्ष गेलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातला रविवार. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीचं केंद्र साताऱ्याला आलं होतं. पेपर दुपारी दोनला. सगळ्यांनी हिशेब केला, दोनला पेपर म्हणजे एकला पोहोचलं तरी चालेल, सकाळी साडेआठची गाडी पुष्कळ झाली. मायलेकी दहिवडीच्या स्टँडवर उभ्या राहिल्या. त्या दिवशी लग्नाची मोठी तिथी. पहिली गाडी भरून आली, दारात लोक लोंबकळत होते. दुसरीही तशीच. मग त्या वडापमध्ये बसल्या. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. साताऱ्यात उतरल्या तेव्हा पावणेएक वाजून गेला होता. रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं. त्या संस्थेची शहरात दोन कॉलेजं. रिक्षा गेली दुसरीकडे. तिथला वॉचमन म्हणाला, इथं परीक्षाच नाही.

खऱ्या केंद्रावर त्या पोहोचल्या तेव्हा एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. गेट दीडला बंद झालं होतं.

आतून रांगेतली मुलं दिसत होती. आईनं गेटला धरून विनवण्या केल्या. आतल्या माणसानं हात जोडले, म्हणाला, ताई, माझ्या हातात काही नाही. मुलगी रडली नाही. येताना गाडीत एवढंच म्हणाली, "आई, मी अभ्यासात कमी पडले नव्हते गं."

मैत्रिणींनो, ही चार मिनिटं किती महाग पडतात ते ऐका. मुलगा असता तर घरचे म्हणाले असते, जाऊ दे, पुढच्या वर्षी दे. मुलीच्या बाबतीत पुढचं वर्ष एवढं सोपं नसतं. त्या उन्हाळ्यात तिला तीन स्थळं आली. वडील काही वाईट माणूस नाहीत, पण तेही म्हणू लागले, वर्ष मोकळं घालवण्यापेक्षा बघायला काय हरकत आहे? मग गटाच्या बैठकीत विषय निघाला. आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, भाऊ, चूक पोरीची नाही, आपल्या सगळ्यांच्या हिशेबाची आहे. एक वर्ष द्या तिला. या वेळी पोहोचवायचं काम गटाचं.

तेव्हा आम्ही तो हिशेब नव्यानं मांडला. तोच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. पेपर किती वाजता सुरू होतो, ते विसरायचं. गेट किती वाजता बंद होतं, ते बघायचं. २०२५ साली ही परीक्षा ४ मे रोजी झाली. पेपर दुपारी २ ते ५ आणि गेट बंद होण्याची वेळ दीड. आमच्या मायलेकी दोनवरून मोजत होत्या, तिथंच अर्धा तास गेला. हॉल तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात. एक तुमच्या मुलीनं केंद्रावर हजर व्हायची आणि दुसरी गेट बंद व्हायची. पहिली वेळ आपली धरायची. दुसरी आपली नाहीच असं समजायचं.

दुसरी गोष्ट. मोजायचं ते उलटं. हे आपल्याला नवीन नाही. साडेबारा वाजता पंचवीस माणसांना पुरणाचं जेवण वाढायचं असेल तर आपण साडेबारापासून मागं मोजत येतो. पोळ्या कधी लाटायच्या, पुरण कधी वाटायचं, डाळ कधी शिजत घालायची. तसंच हे. गेट दीडला बंद. म्हणून मुलगी बारापर्यंत गेटपाशी पाहिजे, आणि हॉल तिकिटावर त्याच्या आधीची वेळ असेल तर त्या वेळेला. त्याआधी एक तास जेवणाला आणि केंद्र शोधायला, म्हणजे अकराला साताऱ्याच्या स्टँडवर. वाटेत अडीच तास धरा, म्हणजे दहिवडीहून साडेआठ. एक गाडी चुकणार असं धरायचंच, म्हणजे स्टँडवर साडेसात. वाडीवरून दहिवडीला यायला पाऊण तास, म्हणजे घरातून पावणेसात. म्हणजे आई उठणार चारला आणि मुलगी पाचला. एवढं करून ती बिचारी दोन ते पाच, मे महिन्याच्या ऐन उन्हात, झोप आवरत १८० प्रश्न सोडवणार.

हा हिशेब आम्ही घराच्या भिंतीवर खडूनं लिहिला आणि बघत बसलो. मग सगळ्यांच्या तोंडून एकच निघालं, आदल्या दिवशी जायचं.

तिसरी गोष्ट म्हणूनच मुक्कामाची. मुलीला परगावी रात्री कुठं ठेवायचं, हा प्रश्न घरोघरी येतो आणि त्यामुळेच सकाळी निघायचं ठरतं. आम्ही असं केलं. वाडीच्या आणि शेजारच्या गावाच्या मिळून चार मुली होत्या. चौघींसाठी एक जीप ठरवली, भाडं वाटून घेतलं, एका घरचं कमी पडलं ते गटानं उसनं दिलं. दोन आया बरोबर गेल्या. एकीच्या नणंदेकडे साताऱ्यात मुक्काम केला. नातेवाइकांकडे राहणार असाल तर आधीच सांगून ठेवा की पोरगी पाहुणचाराला येत नाही, तिला नऊला झोपू द्या. मुंबई-ठाण्याला नातेवाइकांकडे जाऊन परीक्षा देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. परीक्षा रविवारी असते आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच विचारून घ्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी केंद्र बघून या. नुसता रस्ता नाही, गेटला हात लावून या. हॉल तिकिटावरचं कॉलेजचं पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड सगळं ताडून बघा. एका संस्थेची दोन-तीन कॉलेजं असतात, एका कॉलेजला दोन गेटं असतात. तिथल्या माणसाला विचारा, उद्या आत कुठल्या गेटनं सोडणार? रिक्षाला किती वेळ लागतो, किती पैसे पडतात तेही तेव्हाच कळतं.

चौथी गोष्ट कागदांची. परीक्षेचं गाव कोणतं ते आधी कळतं, पण पक्क्या पत्त्याचं हॉल तिकीट उशिरा येतं. २०२५ साली ते परीक्षेच्या चारच दिवस आधी आलं. त्या चार दिवसांत वीज जाते, नेट जातं, तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते. म्हणून आलं त्याच दिवशी काढा, दोन प्रती काढा. नाव आणि फोटो नीट आहे का, ते आधार कार्डाशी ताडून बघा. पासपोर्ट फोटो आणि पोस्टकार्डाएवढा मोठा फोटो, दोन्ही लागतात. ते महिनाभर आधी काढून ठेवा, रविवारी सकाळी फोटोवाला दुकान उघडत नाही. फोटो कुठं चिकटवायचा, अंगठा कुठं उठवायचा, कोणती सही घरी करायची आणि कोणती तिथल्या सरांसमोर, हे सगळं हॉल तिकिटावर लिहिलेलं असतं. ते घरात एकानं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. मूळ ओळखपत्र बरोबर पाहिजे. मोबाइलमधला फोटो चालत नाही, आणि मोबाइल तर आत नेताच येत नाही.

पाचवी गोष्ट अंगावरच्या वस्तूंची. गेटवर सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. बुटांना बंदी आहे, साध्या चपला घालायच्या. पूर्ण बाह्यांचे कपडे टाळायचे, सैल, अर्ध्या बाह्यांचा, मोठी बटणं नसलेला ड्रेस बरा. धर्माच्या किंवा रीतीच्या पेहरावात जायचं असेल तर तपासणीला वेळ लागतो, म्हणून इतरांच्याही आधी पोहोचायचं. कानातलं, पैंजण, बांगड्या, साखळी सगळं घरी ठेवायचं. नाकातली चमकी मात्र गेटवर निघत नाही. आमच्या एका मुलीची चमकी बारशापासूनची, फिरकी गंजून बसलेली. ती आम्ही दोन दिवस आधी खोबरेल तेल लावून लावून काढली. गेटवर ती काढायला गेलो असतो तर नाक सुजून पोरगी रडतच आत गेली असती. गळ्यातला गंडा-दोराही आधीच सोडवून देवापाशी ठेवा. देव रागावत नाही. घड्याळही नेता येत नाही. पेन केंद्रावरच देतात.

आता एक गोष्ट जी घरात कुणी बोलत नाही. मुलीची पाळी त्याच दिवशी येऊ शकते. तारीख आधी मोजून बघा. पाळी पुढं ढकलायची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून देऊ नका, द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि तेही वेळेत. आत जायच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन पॅड बदलून घ्यायला सांगा. मुलींची तपासणी बायकाच करतात, आडोशाला करतात. त्यांना पाळी आहे म्हणून सांगायला लाजायचं नाही, हे मुलीला घरीच सांगून ठेवा.

जेवण साडेदहा-अकराला द्या. त्यानंतर पाच वाजेपर्यंत तिच्या पोटात काही जाणार नाही, हे लक्षात ठेवून द्या. रोजचंच द्या. आम्ही भाकरी-भाजी आणि दहीभात दिला. स्टँडवरचा वडापाव त्या दिवशी नको. पाण्याची पारदर्शक बाटली नेता येते, तिच्यावरचा कागद काढून टाका.

आणि आपण बाहेर काय करायचं? मुलीकडे फोन नसतो, पैसे नसतात. म्हणून आत जायच्या आधी जागा ठरवा, त्या लिंबाखाली, त्या टपरीपाशी. आपण तिथून हलायचं नाही. ती बाहेर येईल तेव्हा हजारभर पोरांच्या गर्दीत तिला आपलं माणूस लगेच दिसलं पाहिजे. आणि पहिला प्रश्न "पेपर कसा गेला" हा नको. पाणी द्या. सांगायचं असेल तर ती सांगेल.

मुलं इंजिनिअरिंगला, फार्मसीला, शेतकीला जाण्यासाठी सीईटी देतात, तिची पद्धत वेगळी आहे. ती संगणकावर असते, बरेच दिवस चालते, आणि प्रत्येकाची तारीख आणि पाळी वेगळी असते. शेजारच्या पोराची दुपारची म्हणून आपल्या पोरीचीही दुपारची, असं धरू नका. सकाळच्या पाळीचा पेपर ९ वाजता असतो आणि हजर व्हायचं असतं त्याच्याही बरंच आधी. तिथं तर मुक्कामाशिवाय गत्यंतर नाही. पण हिशेब तोच, गेट कधी बंद होतं ते बघायचं आणि तिथून मागं मोजत यायचं.

आमच्या त्या लेकीनं दुसऱ्या वर्षी परीक्षा दिली. सव्वाअकराला आम्ही गेटपाशी होतो. ऊन होतं, सावली शोधून बसलो, तिनं दहीभात खाल्ला. पावणेबाराला ती आत गेली. जाताना तिनं एकदाच मागं वळून त्या गेटकडे बघितलं. तिची आई मात्र दीड वाजेपर्यंत तिथंच उभी राहिली. दीडला गेट बंद झालं. एक मुलगा आणि त्याचे वडील धावत आले, दोन मिनिटं उशिरानं. आम्हाला बघवलं नाही. त्या दादांना पाणी दिलं, दुसरं काय करणार?

म्हणून आम्ही आज बोलतोय. आमची पोरगी डॉक्टर झाली नाही. ती आता नर्सिंग शिकतेय, आणि लग्नाचा विषय तिच्या घरात तिनंच मागं ठेवलाय. मार्क किती पडतील हे आपल्या हातात नाही. गेटच्या आत पोचवणं आपल्या हातात आहे, आणि ते आईचं एकटीचं काम नाही. घरच्यांचं आहे, शेजाऱ्यांचं आहे, गटाचं आहे. तुमच्या गावात यंदा किती मुली परीक्षेला बसल्यात ते विचारा. दोन असल्या तरी एकत्र जा.

आम्ही केलेला हिशेब आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लावलाय. येता-जाता बघा आणि आपल्या गावच्या अंतराप्रमाणं बदलून घ्या.

येतो आम्ही. नमस्कार.