मधुमेह आणि नॅनो तंत्रज्ञान : आशा व विवेक
(वार्षिक सभेतील भाषण)



भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यामुळे ‘सुईविना इन्सुलिन’ अशी वार्ता आली की बाह्यरुग्ण विभागात आम्हांस त्याविषयी हमखास विचारणा होते. तिचे उत्तर आज येथे देत आहोत.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इन्सुलिन हे प्रथिन असल्याने तोंडावाटे घेतल्यास जठर व आतड्यांतील पाचकरस त्याचे विघटन करतात. म्हणूनच १९२२ साली टोरांटो येथे पहिल्या रुग्णास ते दिले गेले तेव्हापासून सुई अपरिहार्य ठरली. अतिसूक्ष्म कणांच्या वेष्टनात ते सुरक्षित ठेवावे व गरजेपुरतेच मुक्त व्हावे, हा नव्या संशोधनाचा हेतू आहे. २०१५ साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना येथील संशोधकांनी सूक्ष्म सुयांची एक पट्टी तयार केली. तिच्यातील नॅनोकुप्यांत इन्सुलिनसोबत एक विकर असते. साखर वाढताच ते विकर प्राणवायू वापरू लागते, त्या जागी प्राणवायू घटतो, कुप्या विरघळतात आणि इन्सुलिन बाहेर पडते. साखर उतरली की हा स्रावही मंदावतो. हे यश मात्र उंदरांवरील प्रयोगांतले होते.

नॅनो रौप्यकणांच्या मलमपट्ट्या मधुमेही पायाच्या जखमांवर आजही वापरल्या जातात. तथापि रक्तपुरवठा तपासणे, जखम स्वच्छ करणे व पायावरील भार हलका करणे यांची जागा कोणतीही पट्टी घेऊ शकत नाही.

आमची खरी चिंता निराळीच आहे. नव्या उपायाच्या आशेने टाइप १ मधुमेहाच्या बालकाचे इन्सुलिन थांबले, तर थोड्याच दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, रक्तात आम्ले साचून प्राणावर बेतते. उद्याचे औषध येईपर्यंत आजचे औषध अखंड मिळणे, हाच त्या बालकाचा आधार होय.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की, संशोधनाचे स्वागत करतानाच गरजू रुग्णांचे इन्सुलिन, साखर तपासणीच्या पट्ट्या आणि पाय व डोळ्यांची वार्षिक तपासणी यांसाठी आपण सढळ हस्ते साहाय्य करावे. नवे विज्ञान आपल्या दारी येईल तेव्हा त्याचा लाभ घेण्यास हे रुग्ण सुदृढ असावेत, एवढीच आमची इच्छा आहे.