वासराच्या जन्माआधीची वैरण



अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाचा मुलूख आहे. वाळूच्या टेकड्याच टेकड्या, आणि त्यांवर गवत. नांगरट करावी अशी ती जमीन नव्हे. म्हणून तिथे मांसासाठी पाळलेल्या गुरांचे मोठमोठे कळप चरतात. गायी वितात वसंतात, त्यामुळे गाभणपणाचे शेवटचे महिने नेमके कडाक्याच्या थंडीत येतात. रानात गवत उभे असते, पण वाळलेले. त्यात प्रथिने शेकडा पाच-सहाच्या आसपास. आपल्या ज्वारीच्या कडब्यातही साधारण याहून जास्त नसतात, म्हणून तिथली गोष्ट इथे सांगतो आहे.

तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी गाभण गायींचे गट पाडून तीन वर्षे एक प्रयोग केला. हिवाळ्यात सगळ्या गायी त्याच वाळल्या गवतावर. काहींना मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी प्रथिनांचा खुराक, गायीमागे दिवसाला सुमारे अर्धा किलो या हिशेबाने. बाकीच्यांना नुसते रान. गायी व्यायल्या, कालवडींची वजने घेतली, तर दोन्हीकडची सारखीच! खुराकाचे पैसे मातीत गेले, असे तेव्हा कुणीही म्हटले असते.

संशोधकांनी तिथे वही मिटली नाही. दूध तुटल्यावर सगळ्या कालवडी एकाच पद्धतीने वाढवल्या आणि माजावर आल्यावर त्यांना वळू दाखवला. आईला खुराक मिळालेल्या कालवडींपैकी शेकडा ९३ गाभण राहिल्या, न मिळालेल्यांपैकी ८०. हंगामाच्या पहिल्या एकवीस दिवसांतच व्यायलेल्यांचे प्रमाण एकीकडे ७७ टक्के, दुसरीकडे ४९. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जन्माच्या दिवशी तराजूवर काहीच न दिसलेला फरक पुढे लेकीच्या वेतात दिसला. माझ्या मते या प्रयोगाचे मोल इथेच आहे, कारण आपण वासरू जोखतो ते जन्मल्यावर त्याच्याकडे पाहून.

असे का होते, याचा काही भाग आज उलगडला आहे. स्नायूंचे तंतू किती असायचे हे वासरू पोटात असतानाच ठरते. जन्मानंतर ते तंतू जाड होतात, लांब होतात, संख्येने वाढत नाहीत. कालवडीच्या अंडाशयातला बीजांचा साठाही जन्माआधीच तयार होतो. या सगळ्याला रसद पुरवते ती वार, आणि ती गाभणपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच आकार घेते. पोटातल्या वासराचे सुमारे तीन चतुर्थांश वजन मात्र शेवटच्या दोन-तीन महिन्यांत भरते. त्यात गायीच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव प्रथिनांवाचून सुस्तावतात. मग समोर ढीगभर कडबा असला तरी तो नीट पचत नाही. पोट भरलेले, गाय मात्र उपाशी.

सगळ्याच प्रयोगांत एवढा मोठा फरक दिसलेला नाही. गाय मुळातच अंगाने भरलेली असेल, चारा सकस असेल, तर जादा खुराकाने फारसे काही साधत नाही. दुष्काळी पट्ट्यातल्या, उन्हाळ्यात विणाऱ्या गायीची गोष्ट मात्र वेगळी.

एक समज अजून बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो: शेवटी खायला घातले की वासरू मोठे होते आणि गाय अडते. ते टाळण्यासाठी चारा कमी करणे फार घातक आहे. अमेरिकेतल्याच वायोमिंगमध्ये केलेल्या आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शेवटच्या शंभर दिवसांत आहार कमी केलेल्या गायींची वासरे हलकी जन्मली, जास्त आजारी पडली, जास्त दगावली. अशक्त गायीला कळा देण्याचेही बळ राहत नाही.

माणसांच्या बाबतीत हाच विषय आपल्या पुण्यात अभ्यासला गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आहार आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, असे त्यांना आढळले. आईच्या आहाराची नोंद मुलाच्या शरीरात वर्षानुवर्षे राहते, हे त्या गावांनी जगाला दाखवले.

आपल्या गोठ्यात दूध देणारीपुढे पेंड पडते आणि आटवलेलीपुढे नुसता कडबा. मला हे फार सलते, कारण विण्याआधीच्या त्याच दोन महिन्यांत आटवलेल्या गायीच्या पोटात पुढची गाय घडत असते. तेव्हा तिला हिरवा चारा, रोज एक-दोन किलो आंबोण आणि खनिज मिश्रण द्यावे. पहिलारू कालवडीला थोडे अधिकच द्यावे, कारण ती स्वतःही अजून वाढते आहे. गाय विण्याच्या तीन महिने आधीच तिच्या फासळ्यांवरून हात फिरवून पाहा. हाडे सहज मोजता येत असतील तर खुराक त्या दिवसापासून सुरू करा, शेवटच्या आठवड्यात घातलेली पेंड अंगी लागायला वेळच उरत नाही.