कडब्यांत कोंडलेलें अन्न

सुगी आटोपल्यावर शेतांत जें उरतें, तो कडबा, पेंढा व भुसा शहरवासीयांस केरकचरा वाटतो. परंतु घरोघर येणाऱ्या दुधाचा उगम बऱ्याच अंशीं त्यांतच असतो. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील कित्येक शेतकऱ्यांवर वैरणीअभावीं जनावरें विकण्याची पाळी आली. पेंढ्यांतलें अन्न जनावरास अधिक कसें लाभेल, हा प्रश्न म्हणूनच संसाराचा आहे.

पेंढ्याचा मोठा भाग सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक सांखळी होय. ही सांखळी तोडणारें विकर, ज्यास एन्झाइम म्हणतात, तें मनुष्यापाशीं नाहीं, गाईपाशींही नाहीं! तिच्या जठराच्या चार कप्प्यांपैकीं सर्वांत मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु बिऱ्हाड करून असतात. ते विकरें निर्माण करून सांखळी तोडतात, आणि जणूं भाड्यादाखल गाईस पोषक आम्लें देतात. मेंढीच्या पोटांतील या वस्तींत बुरशीही असते, हें कॉलिन ऑर्पिन यांनीं १९७५ मध्यें दाखविलें.

मग पेंढा पुरता कां पचत नाहीं? सेल्युलोजभोंवतीं लिग्निन नांवाच्या चिवट द्रव्याचा गिलावा असतो. भाताच्या पेंढ्यांत सिलिकाचीही भर पडते. दुसऱ्या महायुद्धांत सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचें सुती सामान ज्या बुरशीनें कुजविलें, तिच्यापासून सेल्युलोज तोडणारीं विकरें मिळालीं. एल्विन रीज यांच्या नांवावरून ती ट्रायकोडर्मा रीसी म्हणून ओळखली जाते. अशीं विकरें वैरणीवर शिंपडून पाहण्यांत आलीं. गुण कधीं चांगला, तर कधीं नगण्य आला. याचें एक कारण उघड आहे. विकर हें किल्लीसारखें असतें, आणि सेल्युलोजची किल्ली लिग्निनच्या कुलुपास लागत नाहीं.

यावर एक स्वस्त उपाय आहे. १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरानें शिंपडतात, आणि ढीग दाबून ३ आठवडे हवाबंद झांकून ठेवतात. येथेंही कार्य विकराचेंच! पेंढ्यावरील जंतूंचें युरिएज युरियापासून अमोनिया निर्माण करतें. तो अमोनिया गिलावा ढिला करतो व पेंढ्यांतील नत्रही वाढवितो. मात्र खाऊं घालण्यापूर्वी उग्र वास उडूं द्यावा. लहान वासरांस हा पेंढा देऊं नये, आणि युरियाचें पोतें गोठ्यापासून दूर ठेवावें. तो नुसता पोटांत गेल्यास धडधाकट जनावरही दगावतें.

पंजाब-हरियाणांत भाताचा पेंढा शेतांतच जाळतात व त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोहोंचतो. तिकडे वैरण जळते आणि इकडे उन्हाळ्यांत गव्हाणी रिकाम्या पडतात. पेंढा सांभाळण्याचा व मुरविण्याचा खर्च लहान शेतकऱ्यास परवडेल अशी सोय गांवोगांव झाली, तर पुढच्या अवर्षणांत कांहीं जनावरें तरी दावणीलाच राहतील.