लॅपटॉप घेताना : खांदा, खिसा आणि गटाचा पैसा



आज पापड-मसाल्याच्या पाकिटांऐवजी ज्याच्यावर त्या पाकिटांचा हिशेब होतो, त्या यंत्राबद्दल बोलू. वलगावच्या आजूबाजूच्या गावांतल्या काही ताया ग्रामसंघाचं काम बघतात. त्यांच्यापुढे प्रश्न आहे की, संघाच्या पैशातून एक हलका लॅपटॉप घ्यायचाय, दुकानदाराने दोन दाखवले, त्यातला कोणता घ्यावा? दोन्ही कंपन्यांच्या ऑफिसात वापरून झालेले, म्हणजे जुने पण दुरुस्त करून विकायला ठेवलेले. एकाचे सांगितले ३०,००० रुपये, दुसऱ्याचे २२,०००.

पहिला लेनोवोचा थिंकपॅड एक्सवन कार्बन, सहाव्या पिढीचा. दुसरा एचपीचा एलिटबुक ८४० जीफाइव्ह. दोन्ही २०१८ सालची मॉडेलं, दोन्हींचा पडदा १४ इंची. मग आठ हजारांचा फरक कशाचा?

पहिला फरक वजनाचा. थिंकपॅड साधारण १ किलो १३० ग्रॅमचा, एलिटबुक १ किलो ४८० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे फरक साडेतीनशे ग्रॅमचा. तुम्ही म्हणाल, एवढंसं तर आहे, बाई! पण त्याच पिशवीत चार्जर असतो, गटांची रजिस्टरं असतात, पाण्याची बाटली, डबा. आणि एसटीत जागा मिळाली नाही तर ती पिशवी अमरावतीपर्यंत खांद्यावरच. थिंकपॅडची बॅटरीसुद्धा थोडी मोठी आहे, नवी असताना ५७ वॉट-तासांची; एलिटबुकची ५०.

दुसरा फरक पोटातला. लॅपटॉपची काम करतानाची स्मरणशक्ती म्हणजे रॅम. थिंकपॅडमध्ये ती मुख्य पाटीलाच जोडून टाकलेली असते. आज ८ जीबीचा घेतला तर तो कायम ८ जीबीचाच राहणार. एलिटबुकमध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत. आज आठ आहे, दोन वर्षांनी काम वाढलं तर आणखी एक पट्टी बसवता येते. शिवाय एलिटबुकला इंटरनेटची जाड वायर थेट लागते. थिंकपॅडला त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. प्रिंटर किंवा बोटांचे ठसे घेणारं यंत्र लावायला नेहमीच्या यूएसबीच्या दोन जागा मात्र दोघांनाही आहेत.

आता निवड कशी करायची? दुकानदाराला विचारण्याआधी आपल्या वहीला विचारा. महिन्यातून किती दिवस हा लॅपटॉप गावाबाहेर जाणार? मासिक बैठक, बँकेची एक-दोन कामं, पंचायत समितीची एक फेरी, असे चार-पाच दिवस असतील आणि बाकी दिवस तो कार्यालयाच्या टेबलावरच राहणार असेल, तर मी एलिटबुक घ्या म्हणेन. आठ हजार वाचतात, त्यात साधा प्रिंटर येतो किंवा पुढे बॅटरी बदलायला पैसे राहतात. आणि यंत्र वाढवता येतं, हे गटासाठी मोठं आहे, कारण गट दर दोन वर्षांनी नवं यंत्र घेऊ शकत नाही.

पण एखादी बँक सखी महिन्याचे वीस दिवस गावोगाव फिरते, तेव्हा हिशेब बदलतो. बैठकीत सहज म्हटलं जातं, "थोडं जड आहे तर काय झालं, उचलेल ती." उचलणारी एकटी असते आणि ठरवणाऱ्या दहा जणी. तिच्या खांद्याची, मानेची किंमत कोटेशनच्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते. तेव्हा ठरवताना जी उचलणार आहे तिला आधी बोलू द्या. ती म्हणाली हलका हवा, तर आठ हजार जास्त देणं ही चैन नव्हे.

कोणताही घ्या, पण पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा.

एक, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय-फाइव्हच्या पुढे आडवी रेघ आणि मग ८२५० किंवा ८३५० असा आकडा दिसला, म्हणजे सुरुवातीला ८ असला, तर आठवी पिढी. तिथे ७ असेल तर स्वस्त मिळतोय म्हणून भुलू नका. बाहेरचा स्टिकर नवा चिकटवता येतो, म्हणून सेटिंगमध्ये उघडून बघा.

दोन, बॅटरी. दुकानदाराला म्हणा, "बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा." विंडोजमध्ये तो फुकट निघतो. त्यात नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल, तर बॅटरी ६० टक्केच उरली. मग किंमत कमी करा किंवा बॅटरी बदलून मागा.

तीन, कुलूप. कंपनीतून आलेल्या लॅपटॉपवर कधी जुन्या मालकाचा पासवर्ड किंवा नोंदणी तशीच राहिलेली असते. आज चालू दिसतो आणि उद्या विंडोज पुन्हा टाकायला गेलं की अडतो. दुकानातच बंद करून चालू करा, बायोस उघडायला सांगा. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो सांगता आला नाही, तर उठून या.

चार, पक्कं बिल. त्यावर लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. बिल संघाच्या नावाने, सचिवताईच्या मुलाच्या नावाने नव्हे. तीन दुकानांची कोटेशनं, बैठकीत ठराव, रजिस्टरला नोंद, मगच पैसे.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक वैरी आहे, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. हे लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. दुपारी टिनाच्या खोलीत, गाडीच्या डिकीत ठेवू नका. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका. खालून हवा जाते ती कोंडते. कायम वायरला लावून ठेवायचा असेल, तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का ते बघून घ्या. बॅटरी जास्त वर्षं टिकते.

मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यायचं नाही. विंडोजमध्येच मराठी युनिकोड कीबोर्ड असतो, तो चालू करायचा. म्हणजे आपलं पत्र तालुक्याला उघडलं तरी मराठीच दिसतं, चौकोन-फुल्या दिसत नाहीत.

आणि पासवर्ड. तो काम करणाऱ्या ताईकडे असावा, आणि एक प्रत बंद पाकिटात संघाच्या कपाटात. घरी नेल्यावर पोरांच्या गेमला तो द्यायचा नाही. त्यात शेकडो बायांचे बचतीचे आकडे आहेत, आधारचे, खात्यांचे. आठवड्यातून एकदा त्या हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. लॅपटॉप चोरीला गेला तर दुसरा येईल, पाच वर्षांचा हिशेब येणार नाही.

आपल्या वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. लोकांच्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. त्या मातीतल्या आपण. गटाच्या डब्यात दर महिन्याला पडणारे शंभर-दोनशे रुपये कुणाच्या तरी निंदणाच्या मजुरीतले असतात. तेव्हा लॅपटॉप घेताना दुकानात दोन तास जास्त लागले तरी लागू द्या. चार प्रश्न जास्त विचारले म्हणून कुणी नाव ठेवत नाही. आणि ठेवलं तरी ठेवू द्या!