माझ्या नळाचं पाणी



अमेरिकेतल्या नोकरीबद्दल बोल, असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या, यात सांगण्यासारखं फार नाही. त्यापेक्षा एका सरोवराबद्दल सांगते.

आपली नववीची लोणारची सहल आठवते ना? पाणी तोंडात घालू नका, असं बाईंनी बजावलं होतं आणि आपण लगेच बोट बुडवून चाखलं होतं. कॅलिफोर्नियातलं मोनो सरोवर तसंच खारट, अल्कलीयुक्त. मासा एकही नाही. बारीक कोळंबी आणि काठावरच्या माश्या खाऊन लाखो पक्षी जगतात.

मी राहते त्या लॉस एंजलिसने १९४१ पासून या सरोवराला मिळणारे ओढे वळवून तीनशेहून अधिक मैल लांब पाणी नेलं. १९८२ पर्यंत पातळी सुमारे ४५ फूट उतरली, खारेपणा दुप्पट झाला. कुरव पक्ष्यांचं बेट जमिनीला जोडलं गेलं आणि कोल्ह्यासारखे कायोटी चालत घरट्यांपर्यंत पोचले.

शहराकडे रीतसर परवाना होता, खरी अडचण तीच. पण १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकार अशा पाण्याचं विश्वस्त आहे. परवाना दिला म्हणून ती जबाबदारी संपत नाही, जुना परवानाही पुन्हा तपासता येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, बियास नदीकाठच्या मोटेलच्या खटल्यात, याच निकालाचा आधार घेतला. हे वाचलं तेव्हा मला उगीचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

पुढे १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने सरोवराची पातळी ठरवून दिली : समुद्रसपाटीपासून ६,३९२ फूट. वीसेक वर्षांत ती गाठली जाईल, असा हिशेब होता. (अशा डेडलाइन आम्ही ऑफिसात रोज बघतो!) पाणी अजून तिथवर चढलेलं नाही. शहर आता पूर्वीपेक्षा बरंच कमी पाणी घेतं, पण घेतं. त्यातलं थोडं माझ्याही नळाला येत असणार, हे कळायला मला तिथे राहून कित्येक वर्षं लागली.

कळल्यावर मुलीला घेऊन गेले. काठाकडे जाणाऱ्या वाटेवर, जुनं पाणी कुठवर होतं ते दाखवणाऱ्या पाट्या आहेत. एका पाटीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "आई, पण पाणी कुठाय?"

पुढे बरंच चालावं लागलं.